कोल्हापूरच्या दोन बैठका

कोल्हापूरचे नाव निघाले की श्रोत्यांच्या मनश्चक्षूंपुढे पहिल्याने उभी राहते ती तालीम. पहाटेच्या काळोखात मोतीबागेत किंवा गंगावेशीत तांबड्या मातीच्या हौद्याभोवती तरुण मल्ल जोर-बैठका काढीत आहेत, वस्ताद बाजूस उभे राहून मोजदाद करीत आहेत, आणि आकडा शेकड्यांवर गेला तरी कोणी थांबावयास तयार नाही, हे चित्र साऱ्या महाराष्ट्राच्या परिचयाचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली युरोपचा प्रवास केला, रोम येथील प्राचीन क्रीडागृह अवलोकन केले, आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबागेचे कुस्ती-मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते आणि ह्याच शहराच्या मातीत घडले होते. अशा नगरीत बैठक हा शब्द उच्चारला की मांड्यांना पीळ देणारा, छाती रुंदावणारा आणि घाम काढणारा व्यायाम डोळ्यांपुढे यावा, ह्यात नवल ते काय?

परंतु मराठी भाषेत बैठक ह्या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे. मनुष्य जेथे कामासाठी मांडी ठोकून बसतो, ती त्याची बैठक. कारकुनाची बैठक, सोनाराची बैठक, चपला शिवणाऱ्या कारागिराची बैठक. तालमीतील बैठकीत मनुष्य खाली बसतो तो पुन्हा उठण्यासाठीच. कामाच्या बैठकीत मात्र बसलेला मनुष्य दिवे लागेपर्यंत उठत नाही. पहिल्या बैठकीचे पोवाडे गाइले गेले, तिच्यासाठी मैदाने उभारली गेली, तिला राजाश्रय व खुराक मिळाला. दुसऱ्या बैठकीने कोल्हापूरचे नाव देशोदेशी नेले असले, तरी तिने मनुष्याच्या पाठीचे काय केले, ह्याचा इतिहास क्वचितच कोणी सांगितला आहे. तो इतिहास थोडक्यात पाहणे हा ह्या भाषणाचा विषय होय.

प्रथम चपलेचेच उदाहरण घ्यावे. कोल्हापुरी चप्पल ज्याने एकदा पायात घातली त्यास तिचा करकर वाजणारा डौल ठाऊक असतो. परंतु ती तयार होत असताना ज्याने पाहिली असेल, त्यासच तिची खरी किंमत कळेल. बाभळीची साल आणि हिरडा ह्यांच्या पाण्यात कमावलेले जाड कातडे भिजवावयाचे, दगडावर ठेवून कुटावयाचे, रापीने त्याचा तळ कापावयाचा, एकावर एक थर बसवावयाचे, आरीने भोके पाडावयाची आणि कातड्याच्याच बारीक वादीने ती शिवावयाची, अशी ही क्रिया आहे. अस्सल चपलेत खिळा नसतो. अंगठा, पट्टा, कान आणि पट्ट्यावरील नाजूक वेणी, हे सारे हाताचे काम होय. कातडे कापण्याचे व कुटण्याचे काम बहुधा पुरुष करतात. शिवणे व वेणी घालणे हे पुष्कळ घरांतून स्त्रियांकडे असते. कोल्हापुरातील सुभाषनगर व जवाहरनगर ह्या वस्त्यांत आणि कागल तालुक्यातील कापशीसारख्या गावांत हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. जन्माने ज्यांच्यावर तो लादला गेला त्या समाजाने त्यात अशी कला ओतली, की आज महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांच्या नावे ह्या चपलेस कायद्याने भौगोलिक मानांकन लाभले आहे.

आता हे काम करणाऱ्याच्या आसनाकडे पाहावे. तो जमिनीवर बसलेला आहे. एक पाय दुमडलेला, दुसरा पुढे. शिवावयाचा तळ गुडघ्यांच्या मध्ये किंवा पायाच्या तळव्याखाली घट्ट धरलेला. दोन्ही हात आरी-वादीत गुंतल्यामुळे धरण्याचे काम पायांनाच करावे लागते. टाका नजरेच्या टप्प्यात यावा म्हणून मान छातीवर झुकलेली, आणि मान झुकली म्हणून पाठ धनुष्यासारखी वाकलेली. मनगटे व बोटे तेवढी हलतात. खांदे, पाठ, कंबर व मांड्या ही सारी एखाद्या शेगड्याप्रमाणे, म्हणजे कामाची वस्तू पकडून धरणाऱ्या साधनाप्रमाणे, निश्चल असतात. पाहणारास वाटते की हा मनुष्य बसून आहे, ह्याचे शरीर विश्रांतीत आहे. वस्तुतः त्याच्या पाठीचे स्नायू त्या क्षणी कुस्तीच करीत असतात. फरक इतकाच, की ह्या कुस्तीत सोडवणूक नाही.

असे आसन एकट्या चपलेच्या कारागिराचेच आहे असे नव्हे. करवीर संस्थानच्या कचेरीतील जुना कारकून गादीवर बसे, एक गुडघा उभा करून त्यावर कागद धरी आणि बोरूने मोडी ओळी ओढीत जाई. मोडी लिपीचे वैशिष्ट्यच असे की हात न उचलता लिहीत जावे. त्यामुळे बोटांना विसावा कमी आणि पाठीस तर मुळीच नाही. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात रुमालांत बांधलेले जे मोडी कागद आहेत, त्यांतून राज्याचा इतिहास वाचता येतो. ते लिहिणाऱ्यांच्या कंबरा कशा गेल्या, हे मात्र त्यांत कोठेही नमूद असण्याचे कारण नव्हते. गुजरीतील सोनार बागेसरीपुढे वाकून फुंकणी फुंकतो आणि कोल्हापुरी साजाचे एकेक पान चिमट्याने धरून जोडतो. हातकणंगले तालुक्यातील हुपरी ह्या चांदीच्या गावी घरोघर स्त्री-पुरुष पैंजणांच्या कड्या जोडीत बसतात. इचलकरंजीचा जुना विणकर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबीत असे व धोटा फेकीत असे. त्याचे निदान हातपाय तरी हलत. परंतु वहीफणी करणारा, म्हणजे ताण्याचा प्रत्येक धागा वहीच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातातून ओवणारा जो कामगार, तो हजारो धागे संपेपर्यंत मान वर करू शकत नाही.

अशा निश्चल आसनाने शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेतल्यावाचून ह्या इतिहासाचा अर्थ लागणार नाही. स्नायू आवळला जातो आणि सैल पडतो, तेव्हा त्यात रक्ताची ये-जा चालू राहते. आवळलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या चेपल्या जातात, सैल पडताच त्या पुन्हा भरतात. चालणाऱ्या मनुष्याच्या पायांत हा क्रम पावलागणिक घडतो, म्हणून तो कोसच्या कोस जाऊ शकतो. परंतु तोच स्नायू आवळलेल्या स्थितीत तसाच धरून ठेवला, तर त्यास लागणारा प्राणवायू अपुरा पडू लागतो आणि त्यातील मलद्रव्यांचा निचरा मंदावतो. आपल्या निम्म्या शक्तीने सतत आवळून धरलेला स्नायू मिनिट-दोन मिनिटांतच हार खातो, हे प्रयोगांनी दाखविले गेले आहे. वाकून बसलेल्या कारागिराची पाठ एवढी शक्ती लावीत नाही. ती थोडीच लावते, पण तासन्‌तास लावते. मस्तकाचे वजन साडेचार-पाच किलोग्रॅम असते. ते कण्याच्या वर सरळ तोललेले असले तर मानेस जाणवत नाही. पुढे झुकले की ते सावरून धरण्याचा भार मानेच्या व खांद्यांच्या स्नायूंवर पडतो, आणि कामाचा दिवस संपेपर्यंत तो उतरत नाही.

कण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. मणक्यामणक्यांच्या मध्ये लवचिक गाद्या असतात. मनुष्याच्या कण्यात अशा तेवीस गाद्या आहेत, आणि प्रौढ वयात त्यांच्या अंतर्भागात रक्तवाहिनी अशी जात नाही. त्यांचे पोषण भोवतालच्या अस्थींतून झिरपणाऱ्या रसावर होते. भार पडला की गादीतील पाणी थोडे बाहेर जाते, भार उतरला की ते पुन्हा आत शोषले जाते. ह्याच कारणाने मनुष्याची उंची सकाळी उठताना रात्रीपेक्षा सेंटिमीटरभर किंवा थोडी अधिक भरते. हालचाल हे ह्या गाद्यांच्या पोषणाचे मोठे साह्य होय. जो मनुष्य एकाच ठिकाणी वाकून बसतो, त्याच्या गाद्यांवर एकाच बाजूने दाब राहतो. कण्याला मागून बांधून ठेवणारे बंध हळूहळू ताणले जातात आणि उठल्यानंतरही काही वेळ ढिले राहतात. म्हणूनच दिवसभर बसलेला कारागीर एकदम उठून कातड्याचा गठ्ठा उचलावयास जातो, तेव्हा त्याच्या कमरेत सणक भरते. दोष गठ्ठ्याच्या माथी येतो. त्याची तयारी मात्र सकाळपासून चाललेली असते.

हे दुखणे महाराष्ट्रास अपरिचित होते असे म्हणता येणार नाही. त्यास नावे आहेत, उपायही आहेत. पाठ धरली, कंबर बसली, उसण भरली, हे शब्दप्रयोग प्रत्येक घरात ऐकू येतात. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तापल्या वाळूची पुरचुंडी, तेलाचे मर्दन, हे आजीबाईच्या बटव्यातील उपचार होत. उसण भरलेल्या पाठीस पायाळू मनुष्याचा, म्हणजे जन्मतःच ज्याचे पाय प्रथम बाहेर आले अशाचा, पाय लावावा, अशी समजूत खेडोपाडी होती व आहे. आयुर्वेदाने कमरेपासून पायाकडे उतरणाऱ्या वेदनेस गृध्रसी हे नाव देऊन तिची गणना वातव्याधींत केली. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे सारे उपचार दुखणे आल्यानंतरचे आहेत, आणि ते सारे दुखणाऱ्या पाठीकडे पाहतात. ज्या बैठकीने ती दुखविली तिच्याकडे पाहत नाहीत.

ती बैठक पाहणारा वैद्य इटली देशात निघाला. बर्नार्दिनो रामाझ्झिनी ह्याचा जन्म १६३३ साली कार्पी गावी झाला. मोदेना येथे तो वैद्यकाचा अध्यापक होता. त्याच्या घराचे शौचकूप साफ करणारा एक मजूर घाईघाईने काम उरकताना त्याने पाहिला आणि त्या घाईचे कारण विचारले. ह्या कामात फार वेळ राहिल्यास डोळे जातात, असे उत्तर त्यास मिळाले. त्या उत्तरातून रामाझ्झिनीच्या आयुष्याचे कार्य उभे राहिले. तो कारखान्यांतून व दुकानांतून हिंडला, कारागिरांशी बोलला, आणि १७०० साली त्याने कामगारांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १७१३ साली पादुआ येथे त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. वैद्याने रोग्यास जे प्रश्न विचारावयाचे, त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता?

ह्या ग्रंथात बसून काम करणारांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि त्यातील मुख्य माणसे चर्मकार व शिंपी ही आहेत. सणाच्या दिवशी मिरवणुकीत निघालेल्या ह्या कारागिरांच्या वाकलेल्या पाठी व झुकलेले खांदे पाहून लोकांस हसू येई, असे रामाझ्झिनीने नमूद केले. त्याने स्वतः मात्र त्या वाकण्यात धंद्याची खूण ओळखली. लेखनिकांच्या पीडेची त्याने तीन कारणे सांगितली: सततचे बसणे, हाताची एकाच प्रकारची अखंड हालचाल, आणि मनाचा ताण. करवीरच्या मोडी कारकुनास ही तिन्ही कारणे अक्षरशः लागू पडतात. उभ्याने काम करणारांच्या पायांतील शिरा फुगतात, हेही त्याने लिहून ठेवले, आणि अशांनी मधून मधून बसावे किंवा चालावे असे सुचविले. बसून काम करणारांनी निदान सुट्टीच्या दिवशी तरी व्यायाम करावा, असा त्याचा उपदेश होता. शाहू छत्रपतींचे मैदान बांधून होण्यापूर्वी दोनशे वर्षे ह्या वैद्याने चर्मकारास जणू तालमीचीच वाट दाखविली होती.

विसाव्या शतकात ह्या ज्ञानास मोजमापाची जोड मिळाली. स्वीडनमधील शस्त्रवैद्य आल्फ नाकेमसन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात मनुष्याच्या कमरेच्या गादीत सुई घालून, निरनिराळ्या आसनांत तेथील दाब किती होतो हे मोजले. निजलेल्या मनुष्याच्या गादीवर दाब सर्वांत कमी, उभ्याच्या गादीवर त्याहून अधिक, आणि पुढे वाकून बसलेल्याच्या गादीवर त्याहूनही अधिक, असे त्यांस आढळले. १९९९ साली जर्मनीत झालेल्या मोजणीत उभे राहणे आणि सैल बसणे ह्यांतील अंतर पूर्वी वाटले होते तेवढे मोठे दिसले नाही. परंतु पुढे वाकण्याने दाब वाढतो, हा निष्कर्ष कायम राहिला. नुसत्या बसण्यानेच पाठ दुखते असे आजचे शास्त्र सरसकट म्हणत नाही. वाकून बसणे, पुष्कळ वेळ बसणे, आणि न बदलता बसणे, ही तिन्ही एकत्र आली की पाठीवर संकट येते, असा आजवरच्या अभ्यासाचा कल आहे.

येथे कोणी असा प्रश्न करील, की मग बसण्याऐवजी उभे केले म्हणजे झाले! ह्या प्रश्नाचे उत्तर कोल्हापूर जिल्ह्यानेच देऊन ठेवले आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. तेथील जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे ह्यांचे ह्या उद्योगास प्रोत्साहन होते. १९०६ साली कोल्हापुरात शाहू छत्रपती सूत व कापड गिरणीचा पाया घातला गेला. खड्ड्यातील विणकर ह्याप्रमाणे खड्ड्यातून वर आला आणि उभा राहिला. त्याची कंबर सुटली असे वाटले. पण आता ओढ लागली पायांना. मनुष्य चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू पायांतील रक्त हृदयाकडे वर ढकलतात. एका जागी उभा राहतो तेव्हा ते रक्त पायांतच साचू लागते, घोटे सुजतात, शिरा फुगतात, आणि तुटलेला धागा जोडण्यासाठी पुनःपुन्हा मागावर वाकताना पूर्वीचीच कंबर पुन्हा सापडते. बसण्याचे दुखणे उभे राहण्याने बरे झाले नाही. दोहोंच्या मुळाशी एकच अवस्था होती, आणि ती म्हणजे आसन बदलण्याची मोकळीक नसणे.

ही मोकळीक मिळविण्यासाठी महाराष्ट्रात झगडा झाला, त्याची हकिकत अभिमानाने सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकाराने साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारपुढे गेला. त्यात आठवड्यास एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा, ह्या मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारचा अर्धा तास कारखान्यांस बंधनकारक झाले. पुढे १९११ साली कापड गिरण्यांत पुरुषांच्या कामास दिवसाकाठी बारा तासांची मर्यादा आली, १९२२ साली ती अकरावर उतरली, १९३४ साली दहावर, आणि १९४८ साली नऊवर. १९४८ च्या कायद्यात आणखी एक लहानसे पण मोलाचे कलम होते: ज्या कामगारांस उभ्याने काम करावे लागते, त्यांच्यासाठी बसण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे काम करता करता जी उसंत मिळेल तिचा त्यांस उपयोग करून घेता येईल. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ एप्रिल रोजी, हा कायदा अमलात आला. दुकानांतून दिवसभर उभ्या राहणाऱ्या नोकरांस बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ साली व तामिळनाडूने २०२१ साली जे कायदे केले, ते ह्याच विचाराचे पुढचे पाऊल होय.

परंतु ह्या साऱ्या कायद्यांच्या दारापर्यंत चपलेचा कारागीर पोहोचलाच नाही. १९४८ च्या कायद्याने कारखाना कशास म्हणावयाचे, तर जेथे यंत्रशक्तीने काम चालते व दहा माणसे आहेत, किंवा यंत्रशक्तीवाचून चालते व वीस माणसे आहेत, त्या जागेस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेने हे आकडे अनुक्रमे वीस व चाळीस केले. सुभाषनगरातील खोलीत नवरा, बायको, सासू आणि एखादा मुलगा अशी चार माणसे बसलेली असतात. हुपरीत पैंजणाच्या कड्या जोडणारी स्त्री चुलीपासून चार हातांवर बसते. तेथे घंटा वाजत नाही, मुकादम येत नाही, आणि तपासनीसही येत नाही. घरच मालकीचे असल्यामुळे तेथे कोणीही केव्हाही उठावे, असे बाहेरच्यास वाटते.

आणि तरीही कोणी उठत नाही. ह्याचे कारण मजुरीच्या रीतीत आहे. ह्या धंद्यांत मजुरी दिवसावर नसते, नगावर असते. जितके जोड शिवून होतील तितके पैसे. जितक्या वेण्या घातल्या जातील तितके पैसे. ज्या कामगारास दिवसाचा पगार आहे, त्याचा पाच मिनिटांचा विसावा मालकाच्या हिशेबी जातो. नगावर काम करणाराचा विसावा त्याच्या स्वतःच्या ताटातून जातो. पावसाळ्यात चपलेस गिऱ्हाईक नसते आणि कातडेही नीट वाळत नाही, म्हणून कोरड्या महिन्यांतच वर्षाचे काम आवरावे लागते. अशा वेळी पाठ दुखते म्हणून उठणे ही त्याच्या लेखी चैन ठरते. तीनशे वर्षांपूर्वी इटलीतील वैद्याने जे सांगितले, ते कोल्हापूरच्या कारागिराला कोणी येऊन शिकवावे लागत नाही. त्याची पाठ त्यास ते रोज सांगत असते. त्याला उणीव आहे ती ज्ञानाची नव्हे. उठल्याने मजुरी बुडणार नाही, एवढ्या आश्वासनाची त्यास उणीव आहे.

ह्या उणिवेचा परिणाम एका पाठीपुरता थांबत नाही. हातची कला ग्रंथांतून शिकता येत नाही; बापाच्या शेजारी बसून मुलगा ती उचलतो. जो बाप चाळिशीतच भिंतीचा आधार घेऊन उठतो, त्याच्या शेजारी बसावयास मुलगा तयार होत नाही, आणि त्याला दोष तरी कोणी द्यावा? शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. ज्या घरांतील मुले जन्मतःच रापीपुढे बसावयाची, त्यांच्यापुढे शाळेची वाट उघडली, ही ह्या शहराच्या इतिहासातील थोर घटना होय. त्या वाटेने पुढे गेलेल्यांची नातवंडे आज बँकेत, कचेरीत किंवा संगणकापुढे बसलेली दिसतात. गादी गेली, खुर्ची आली. बोरू गेला, कळफलक आला. मात्र मान पुढे झुकलेलीच आहे, खांदे तसेच आवळलेले आहेत, आणि संध्याकाळी कमरेवर हात ठेवून उठण्याची रीतही आजोबांचीच आहे. जातीने लादलेली बैठक सुटली ह्याचा आनंद मानावा. बैठकीचा शरीरावरील अंमल मात्र जातपात पाहत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मग करावे काय? उपाय खर्चाचे नाहीत. जमिनीवर बसणाराने नितंबांखाली चार बोटे उंचीचा पाट किंवा घट्ट गादी घेतली, तर कंबर मागे ढळत नाही आणि कणा आपोआप थोडा सरळ होतो. काम मांडीवरून उचलून बुटक्या चौरंगावर आणले, तर मान तितकी झुकत नाही. उजेड समोरून किंवा बाजूने पुरेसा आला, तर टाका पाहण्यासाठी वाकावे लागत नाही. वेणीचे टोक भिंतीतील खुंटीस बांधून घेतले, तर ते काम काही वेळ उभ्यानेही करता येण्यासारखे आहे. सर्वांत मोठा उपाय सर्वांत सोपा आहे: अर्ध्या-पाऊण तासाने एकदा उठावे, हात वर ताणावे, अंगणापर्यंत चार पावले टाकून यावे. कापणे, कुटणे, शिवणे ही कामे एकामागून एक आलटून पालटून केली, तर एकाच आसनाचा शीण साचत नाही. एकाने नुसते कापावे व दुसरीने जन्मभर नुसत्या वेण्या घालाव्या, ही वाटणी काम भरभर उरकते खरी, पण पाठीस जड जाते. आणि जो व्यापारी किंवा जी सहकारी संस्था जोडाची मजुरी ठरविते, तिने त्या मजुरीत ह्या चार पावलांचा वेळही धरावा. हे झाल्यावाचून बाकीचे सारे उपदेश भिंतीवरील सुविचाराप्रमाणे भिंतीवरच राहतील.

तालमीतील वस्तादास ही गोष्ट पूर्वीपासून माहीत आहे. तो शागिर्दाला जोर काढावयास लावतो, तसाच तो त्यास थांबवितोही. मेहनत झाली की अंग चोळून घ्यावयाचे, खुराक घ्यावयाचा, पडून राहावयाचे. विश्रांती हा त्याच्या लेखी मेहनतीचाच भाग असतो. ज्या मल्लास नुसती मेहनत आहे आणि विसावा नाही, तो मैदानात टिकत नाही, हे खासबागेत बसलेला प्रत्येक प्रेक्षक जाणतो. तोच प्रेक्षक मैदान सुटल्यावर चप्पल लाईनीत येतो, करकर वाजणारा नवा जोड पायात घालून पाहतो, आणि भाव करू लागतो. भाव करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो जोड शिवणारी पाठ सरळ होण्यासाठी जो अवकाश लागतो, त्याची किंमत भावातून कापली जाऊ नये, एवढी काळजी कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाने घेतली, तर ह्या शहराने आपल्या दुसऱ्या बैठकीचेही ऋण फेडावयास आरंभ केला, असे म्हणता येईल.